ऑपरेशन थिएटरमधल्या चुका आणि टीमवर्क : चौघे जण तोच प्रश्न का विचारतात?

मागे एकदा रात्री साडेनऊला माझ्या एका जुन्या पेशंटच्या मुलाचा फोन आला. आईचे गुडघा बदलण्याचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होते आणि हा चांगलाच वैतागला होता. "डॉक्टर, संध्याकाळपासून चार जण येऊन आईला तेच विचारून गेले. नाव काय, कुठला गुडघा, कशाची अॅलर्जी आहे का. फाइलमध्ये सगळं लिहिलंय की! हे लोक एकमेकांशी बोलतात की नाही?"

मी त्याला म्हटले, "कोणीच काही न विचारता आईला आत नेलं असतं, तर मी काळजी केली असती."

त्याचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता. ऑपरेशन म्हटले की आपण सर्जन कोण, त्यांचा हात कसा आहे, एवढेच विचारतो. ओळखीच्यांना फोन करून 'हात चांगला आहे ना' याची खात्री करून घेतो. पण ऑपरेशन थिएटरमध्ये होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला तर असे दिसते की, हाताचे कौशल्य कमी पडले म्हणून झालेल्या चुकांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आतली माणसे एकमेकांशी काय बोलली आणि काय बोलली नाहीत याला आहे.

आत नेमके कोण कोण असते?

साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनलाही पाच-सहा माणसे लागतात. सर्जन आणि त्यांचे सहायक, भूलतज्ज्ञ, हातात हत्यारे देणाऱ्या निर्जंतुक कपड्यांतल्या सिस्टर (यांना स्क्रब नर्स म्हणतात), बाहेरून सामान आणून देणाऱ्या दुसऱ्या सिस्टर, भूलतज्ज्ञांना मदत करणारे टेक्निशियन आणि पेशंटला आणणारे-नेणारे मामा किंवा मावशी.

मोठ्या रुग्णालयात ही माणसे वर्षानुवर्षे एकत्र काम करतात. पण आपल्या पुण्यात बरीच ऑपरेशन्स छोट्या नर्सिंग होममध्ये होतात. तिथे सर्जन एका हॉस्पिटलमधून येतात, भूलतज्ज्ञ दुसऱ्या. सकाळी कोथरूडला एक केस, दुपारी हडपसरला दुसरी, मधे ट्रॅफिक. सिस्टर तिथल्या, सहायक डॉक्टर कदाचित त्या दिवसापुरते. म्हणजे तुमच्यासाठी जमलेली टीम त्याच टेबलाभोवती पहिल्यांदाच भेटलेली असू शकते. यात गैर काही नाही. या पद्धतीमुळेच घराजवळ आणि परवडेल अशा खर्चात ऑपरेशन होते. पण रोज एकत्र काम करणाऱ्यांना जे न बोलता कळते, ते अशा टीमला मुद्दाम बोलून घ्यावे लागते.

एका कापडाची गोष्ट

महाराष्ट्रातलेच एक प्रकरण सांगतो. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत आजही त्याचा दाखला दिला जातो.

जुलै १९६३. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. १० तारखेला मुलगा झाला. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायची हे आधीच ठरले होते, ती १३ तारखेला झाली. त्यानंतर तिला खूप ताप आला आणि पोटात असह्य दुखू लागले. एवढ्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर असे होत नाही. घरच्यांनी डॉक्टरांकडे खेटे घातले. अखेर १९ तारखेला पोट पुन्हा उघडले, तेव्हा पहिल्या शस्त्रक्रियेतले एक कापड आत राहिलेले सापडले. पोटात पू झाला होता. २४ जुलैला ती गेली. बाळ तेव्हा चौदा दिवसांचे होते.

घरच्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे जवळजवळ ३३ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. पोटात कापड राहिले हेच निष्काळजीपणाचा पुरावा आहे आणि रुग्णालय चालवणाऱ्या सरकारला त्याची जबाबदारी झटकता येणार नाही, असा त्याचा आशय.

एक डॉक्टर म्हणून हे प्रकरण वाचताना माझ्या मनात एकच येते. कापड पोटात ठेवणे ही चूक नव्हे. ते ठेवावेच लागते. रक्त टिपायला, आतडी बाजूला सारायला मॉप वापरतात. रक्ताने भिजलेला मॉप आतल्या अवयवांसारखाच दिसतो आणि सर्जनची नजर त्या वेळी टाक्यांवर असते. तो विसरला जाणार नाही याची खात्री एकट्या सर्जनच्या स्मरणशक्तीवर सोडता येत नाही. म्हणून मोजणी करतात.

ही मोजणी म्हणजे टीमवर्कचा सगळ्यात साधा नमुना. ऑपरेशन सुरू होण्याआधी दोन सिस्टर मिळून, मोठ्याने, एकेक मॉप, गॉज आणि सुई मोजतात. आकडा फळ्यावर लिहितात. मधे नवीन मॉप आला की फळ्यावर भर. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजणी, कातडीचे टाके घालताना पुन्हा एकदा. आकडा जुळला की सिस्टर सांगतात, "काउंट बरोबर आहे." जुळला नाही तर सर्जन कितीही ज्येष्ठ असोत, थांबावे लागते. शोधायचे, बादलीत बघायचे, टेबलाखाली बघायचे, तरीही नाही सापडला तर एक्स-रे. शस्त्रक्रियेच्या मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तो याचसाठी.

आता कल्पना करा. दुपारचे अडीच वाजलेत, पुढची केस बाहेर थांबली आहे, सर्जनना दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पोचायचे आहे आणि नोकरीला लागून चार महिने झालेल्या सिस्टरला एक मॉप कमी भरतोय. तिने "सर, थांबा" म्हणायचे आहे. मोजता कोणालाही येते. हे दोन शब्द तोंडातून निघणे अवघड असते.

गप्प बसण्याची माझी गोष्ट

मी एमबीबीएसनंतर इंटर्नशिप करत होतो. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही. सहा वर्षांच्या एका मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन होते. सकाळी त्याला मीच तपासले होते, केसपेपरवर 'डावी बाजू' असे मीच लिहिले होते.

लहान मुलांच्या हर्नियाची गंमत अशी की मूल रडले, खोकले की जांघेत फुगवटा दिसतो आणि झोपले की नाहीसा होतो. भूल दिल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. सर्जननी उजव्या बाजूला औषध लावायला सुरुवात केली. मी समोरच उभा होतो. मला दिसत होते. मनात आले, सरांनी पुन्हा तपासले असेल, उजवीकडेही काही सापडले असेल, आपलेच लिहिताना चुकले असेल. इतक्या मोठ्या माणसाला इंटर्नने कसे विचारायचे?

तेवढ्यात दाराजवळ उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, पोराची आई तर डावीकडं फुगतं म्हणत होती." मुलाला वॉर्डातून उचलून त्यांनीच आणले होते.

दोन सेकंद कोणी काही बोलले नाही. सर्जननी फाइल मागवली, वाचली, हातमोजे बदलले आणि डाव्या बाजूने ऑपरेशन केले. मुलगा दोन दिवसांत घरी गेला. मला कोणी रागावले नाही, कारण मला आधीच कळले होते हे कोणाला ठाऊकच नव्हते. मावशींना 'बरं झालं बोललात' असेही त्या दिवशी कोणी म्हणाले नाही. मीही नाही.

यावर तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच होत असेल. मोठ्यांना उलट विचारायचे नाही असे वळण आपल्याकडे लहानपणापासून लावतात. पण तसे नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाची पत्नी सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी गेली होती. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. तिघे अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करत राहिले. एका सिस्टरने गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट मोकळी करण्याचे सामान आणून ठेवले, तसे सांगितलेही. दुसरीने आयसीयूत खाट राखून ठेवली. काय करायला हवे हे त्यांना कळत होते, पण डॉक्टरांपर्यंत ते पोचले नाही. पेशंट शुद्धीवर आलीच नाही, तेरा दिवसांनी गेली. तिच्या पतीने डॉक्टरांवर आग पाखडण्याऐवजी विचारले, की विमानात कनिष्ठ सहवैमानिकाला कॅप्टनला टोकायला शिकवले जाते, तसे इथे का नाही? पुढे त्यांनी याच कामासाठी संस्था काढली.

एकोणीस प्रश्नांची यादी

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक पानभर यादी प्रसिद्ध केली. त्या कामाचे नेतृत्व केले डॉ. अतुल गावंडे यांनी. ते बोस्टनचे सर्जन. जन्म अमेरिकेतला, पण वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे.

यादी तीन टप्प्यांची आहे. भूल देण्यापूर्वी: पेशंट तोच आहे ना, कोणते ऑपरेशन, कोणती बाजू, संमती आहे का, अॅलर्जी आहे का, नळी घालायला अवघड जाईल का, रक्त जास्त जाण्याची शक्यता आहे का. कापण्यापूर्वी सगळ्यांनी क्षणभर थांबायचे, प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि काम सांगायचे, पेशंटचे नाव-ऑपरेशन-बाजू पुन्हा म्हणायची, अँटिबायोटिक तासाभरात दिले आहे का बघायचे आणि काय बिघडू शकते ते सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी एकमेकांना सांगायचे. शेवटी पेशंट बाहेर जाण्यापूर्वी मोजणी आणि तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावरचे लेबल.

नाव सांगण्याचा भाग पोरकट वाटेल. पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, तो पुढे काही खटकले तर बोलण्याची शक्यता वाढते. माझ्या त्या ऑपरेशनच्या सुरुवातीला मला 'मी अमुक, इंटर्न, पेशंटला सकाळी मी तपासले' एवढे बोलायची संधी मिळाली असती तर? कदाचित बोललोही असतो.

दिल्ली, लंडन, टोरांटो, मनिला अशा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्याचे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये आले. मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचे १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. यादी वापरणाऱ्यांपैकी काहींना ती कटकट वाटत होती. पण 'तुमचे स्वतःचे ऑपरेशन असेल तर ही यादी वापरावी का' असे विचारल्यावर ९३ टक्के 'हो' म्हणाले. आम्हा डॉक्टरांचे हे असेच असते.

गावंडे यांनी आपल्या पुस्तकात स्वतःच्या हातून झालेली एक चूकही लिहिली आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ काढताना त्यांच्याकडून शरीरातली सर्वांत मोठी नीला फाटली. पेशंटचे हृदय थांबले. पण सुरुवातीला यादी वाचताना 'रक्त जाऊ शकते' असे ते म्हणाले होते, त्यावरून सिस्टरने ब्लड बँकेत चौकशी केली, तेव्हा रक्त राखून ठेवलेलेच नाही हे कळले होते आणि ती उणीव कापण्याआधीच भरून काढली गेली होती. पेशंट वाचला. हात चुकला होता, टीमने सावरले.

आता दुसरी बाजू. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ही यादी सक्तीची केली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नव्हता. असे का, यावर बराच वाद झाला. मला पटणारे उत्तर हे: कागदावर खुणा करणे आणि थांबून एकमेकांशी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडेही 'एनएबीएच' मान्यता असलेल्या रुग्णालयांत ही यादी फाइलला लागते. ऑपरेशन संपल्यावर सगळ्या चौकटींत एकदम बरोबरच्या खुणा केलेली यादीही मी पाहिली आहे.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही आत नसता, पण टीममध्ये असता. त्या मुलाच्या आईचे एक वाक्य मावशींच्या तोंडून थिएटरमध्ये पोचले, हे विसरू नका.

नाव विचारले तर पूर्ण नाव सांगा, नुसती मान हलवू नका. 'तुम्ही पाटीलच ना?' याला 'हो' म्हणणे धोक्याचे आहे, त्या मजल्यावर तीन पाटील असू शकतात. डावी-उजवी बाजू हात लावून दाखवा. ऑपरेशनच्या जागी मार्करने खूण करतात, ती सकाळच्या अंघोळीत घासून काढू नका. खूण केलीच नसेल तर, "डॉक्टर, खूण राहिली का?" असे सरळ विचारा. ऐकू कमी येणाऱ्या आजी-आजोबांबरोबर भूल देईपर्यंत कोणी थांबू शकेल का, हेही विचारा. कवळी, हलणारा दात, नेलपॉलिश, बोटांवरची मेंदी हे भूलतज्ज्ञांना सांगण्यात लाज वाटायला नको. ऑक्सिजन मोजणारे यंत्र बोटालाच लावतात आणि रंगामुळे आकडा चुकू शकतो.

उपाशीपोटी राहण्याबद्दल खरे बोला. पहाटे घेतलेला 'फक्त अर्धा कप चहा' लपवणारे कितीतरी पेशंट मी पाहिले, कारण ऑपरेशन पुढे ढकलतील ही भीती. दुधाचा चहा पोटासाठी पाणी नव्हे, अन्नच आहे. त्याला सहा तास धरतात. भुलेत तो उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. ढकलू द्या पुढे.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात), आयुर्वेदिक काढे, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्या, सगळे. थांबवायचे काय आणि कधी, हे स्वतः ठरवू नका. माझ्याकडे 'फिटनेस' घ्यायला येता तेव्हा बहुतेकांना सही-शिक्क्याची घाई असते. ती यादी तपासायला दहा मिनिटे द्या.

सर्जनना भेटाल तेव्हा दोन गोष्टी जरूर विचारा. भूल कोण देणार आणि ते आधी भेटतील का? आणि तुमच्याकडे सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट वापरतात का? चांगल्या सर्जनना या प्रश्नाचा राग येत नाही. राग आलाच, तर तुम्हाला निवड करायला अजून वेळ आहे.

छोट्या नर्सिंग होममध्ये आणखी एक काम नातेवाइकांवर येते. काढलेल्या गाठीचा तुकडा बाटलीत घालून तुमच्या हातात देतात आणि लॅबमध्ये पोचवायला सांगतात. बाटली घेताना लेबल तिथेच वाचा: नाव, वय, कोणता अवयव, कोणती बाजू. बिनलेबलाची बाटली घेऊ नका. ब्लड बँकेतून रक्ताची पिशवी आणताना नाव आणि रक्तगट तसाच ताडून घ्या.

आणि घरी आल्यावर. टाके दुखणे, थोडी कणकण हे चालते. पण ताप चढत जाणे, दिवसागणिक वाढणारे दुखणे, पोट फुगणे, उलट्या, जखमेतून पू यांपैकी काही असेल तर 'ऑपरेशननंतर असं होतंच' म्हणून बसून राहू नका. दाद मिळाली नाही तर दुसऱ्या सर्जनचे मत घ्या. ऑपरेशनच्या नोंदींसह तुमची कागदपत्रे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि नियमानुसार मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पण त्याआधी फोन करा. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांना पहिला, मग तुमच्या फॅमिली डॉक्टरला. रात्र झाली म्हणून सकाळची वाट बघू नका.